गायरान एक, दावेदार चार. ग्रामसभेत ठराव काय घ्यायचा?

माळावरची

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका लहान गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच टर्म. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात सांगितला तर उत्तरंही थोडक्यात येतील आणि ती मला नकोत.

आमच्या गावाला सातबाऱ्यावर २४ हेक्टर ८० आर गायरान आहे. मालक सरकार, इतर हक्कात गुरचरण. म्हणजे साधारण बासष्ट एकर. उत्तरेकडचा उतार सगळा मुरमाड. तिथं कुसळी आणि थोडं पवना गवत. मधला पट्टा बरा आहे, हातभर काळी माती लागते. दक्षिणेला डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे ३३ केव्हीचं वीज उपकेंद्र. पूर्वेच्या कोपऱ्यात पाझर तलाव.

आता कोण कोण आहे ते सांगते.

गुरं पूर्वीइतकी राहिली नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले. पण शेळ्या वाढल्यात आणि त्या बहुतेक बायकांच्या आहेत, भूमिहीन घरांतल्या जास्त. दिवाळीनंतर मेंढपाळ येतात, तलावाकाठी वाडा लावतात.

मधल्या पट्ट्यावर अकरा कुटुंबं तूर, मूग, ज्वारी घेतात. बहुतेक बौद्ध, दोन मातंग, एक पारधी कुटुंब. त्यांच्या म्हाताऱ्यांनी माळ फोडला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. मिळून वीसेक एकर असेल.

तिसरा दावेदार नवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून प्रकल्प येणार म्हणायलेत. त्यांना पंचवीस एकर पाहिजे, सपाट आणि उपकेंद्राजवळ. म्हणजे नेमका तोच मधला पट्टा.

चौथ्याचं नाव गावात कोणी काढत नाही. पश्चिमेच्या अंगाला ज्यांची मोसंबी आणि ऊस आहे त्यांचा बांध दरसाल थोडा थोडा सरकत आलाय. माझ्या सासूबाई सांगतात की पूर्वी तिथल्या बाभळीखाली गुराखी बसायचे. ती बाभूळ आता बागेच्या आत आहे. त्या बागायतदारांत माझे चुलत दीरही आहेत, हे आधीच सांगून टाकते.

ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) ठरावाचा मसुदा आणलाय. एका ओळीचा आहे: "गायरान अतिक्रमणमुक्त करून सौर प्रकल्पास देण्यास ग्रामसभेची हरकत नाही." गाव खूश आहे. शेतीला दिवसा वीज मिळेल, ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळतील. दिवसा वीज मलाही पाहिजे. रात्रीचं दारं धरायला नवरा जातो तेव्हा बॅटरी आणि काठी मीच हातात देते, साप काय असतो ते मला कोणी शिकवू नये.

पण त्या एका ओळीवर हात वर करायचा का? नाही केला तर "ताई विकासाच्या आड आल्या" हे ठरलेलंच. ग्रामसभेला काही म्हणायचा खरा अधिकार आहे, की नुसतीच सही?

---

जुना_मंडळअधिकारी

ताई, तुम्ही लिहिलंय तसं चित्र तालुक्यात कुणी काढून दिलं असतं तर माझी निम्मी नोकरी सोपी झाली असती. तलाठी होतो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. (तलाठ्यालाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, दप्तर तेच.)

अधिकाराचं आधी सांगतो. गायरान गावाचं असं आपण तोंडानं म्हणतो, कायद्यात जमीन शासनाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली कलेक्टर ती गुरचरण, गावठाण, स्मशान, खळं, बाजार अशा कामांसाठी राखून ठेवतो. एकदा राखली की कलेक्टरच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पुढे कलम २२-अ घातलं गेलं. त्यानं गायरान वळवायलाच बंदी आणली. अपवाद ठेवला तो मुख्यतः सार्वजनिक प्रकल्पांचा, तोही दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर. १२ जुलै २०११ चा शासन निर्णयही त्याच वळणाचा आहे. तेव्हा "दुसरी योग्य सरकारी जमीन नाही" हे कुणीतरी कागदावर म्हणावं लागतं, आणि बऱ्याचदा ते तुमच्या त्या एका ओळीतून म्हणवून घेतलं जातं. ठराव म्हणजे नकाराधिकार नव्हे. पण फाइलीत तो पहिल्या पानांत लागतो आणि वरचा माणूस तोच वाचतो.

मसुद्यातला "अतिक्रमणमुक्त करून" हा शब्द कुणी घातला ते विचारा. सौर प्रकल्पाला हरकत नाही एवढंच म्हणायचं होतं तर तो लागतच नव्हता. त्या एका शब्दानं अकरा घरं उठवण्याची जबाबदारी प्रशासनाकडून ग्रामसभेकडे आली.

दुसरं म्हणजे मोजणी. २४ हेक्टर ८० आर हे कागदावर. जागेवर किती उरलंय ते तुम्हाला, मला, त्या प्रकल्पवाल्यांना, कुणालाच माहीत नाही. ग्रामपंचायतीनं तहसीलदारांना पत्र द्यावं, त्यांनी भूमी अभिलेखला कळवावं, हद्द कायम मोजणी व्हावी. मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते. त्या दिवशी कोण हजर राहतो आणि कोण "नोटीसच मिळाली नाही" म्हणतो ते बघा. अर्धा निकाल तिथंच लागतो.

तोवर गाव नमुना १-ई ची नक्कल काढा. अतिक्रमणाची नोंदवही ती. शिवाय १-ब, म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही, आणि मराठवाडा आहे म्हणून १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक.

---

नियम_म्हणजे_नियम

एवढं दळण कशाला? २८ जानेवारी २०११, सुप्रीम कोर्ट, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब. सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, किती वर्षं बसलात किंवा किती पैसे घातले ते सांगू नका, असं स्पष्ट म्हटलंय. २०२२ मध्ये हायकोर्टानंही हात उगारला होता. अकरा असोत की एकशे अकरा, उठवायचे. आणि दिराचाही बांध मागे घ्यायचा. सगळ्यांना एकच न्याय.

---

पावती_जपून_ठेवा

वरच्या दादांनी निकालाचा शेवट सोडून दिला. त्याच निकालात कोर्ट म्हणतं की नियमित करणं अपवाद म्हणूनच चालेल, उदाहरणार्थ भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारच्या एखाद्या अधिसूचनेखाली पट्टा (कसायला जमीन दिल्याचा कागद) मिळालेला असेल तर, किंवा जागेवर आधीच शाळा, दवाखाना यासारखी सोय उभी असेल तर. ते प्रकरण होतं पतियाळा जिल्ह्यातल्या गावतळ्याचं. तळं बुजवून घरं बांधली होती. माळ फोडून तूर पेरणारा माणूस आणि तळ्यात भराव टाकणारा माणूस यांना एका मापानं मोजू नका, हे त्या अपवादातच लिहिलंय.

आता आपल्या राज्याचं. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय ताईंनी मुळातून वाचावा. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत आलेल्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा तो निर्णय. तारीख बघा कोणती आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. पण निर्णय झाला म्हणून पट्टा हातात पडला असं नाही. मराठवाड्यात हजारो दावे आजही पडून आहेत, कारण पुरावा.

पुरावा म्हणजे काय तर दंडाची पावती. त्या काळी तलाठी अतिक्रमणाचा दंड वसूल करायचा आणि पावती द्यायचा. ज्यांनी भीतीनं पावत्या फाडून टाकल्या ते अडकले, ज्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या ते टिकले. पीकपाहणीत नाव आलं असेल, कधी गुन्हा दाखल झाला असेल, एकसाली पट्टा मिळाला असेल, तर तेही चालतं. ताई, त्या अकरा घरांना आजच सांगा की पेट्या उघडा. पारधी कुटुंबाकडे कागद नसण्याचीच शक्यता जास्त, त्यांचं पोलीस ठाण्याच्या दप्तरात शोधा. चेष्टा करत नाही, तिथं सापडतं.

आणि गायरान कसणं ही या लोकांनी काढलेली पळवाट नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तेव्हा मागणीच ती होती, की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. बायका लेकरं घेऊन जेलात गेल्या.

---

वाडा_हलला

मी मेंढपाळाचा पोरगा. माण तालुका. आता पुण्यात नोकरीला आहे, पण वडील आणि चुलते अजून दिवाळीनंतर बाहेर पडतात, त्यामुळं तुमच्या त्या तलावाकाठच्या वाड्यात कदाचित आमचंच कुणी असेल.

इथं वरपासून वाचतोय. बौद्धवस्तीची बाजू मांडायला माणूस आहे, प्रकल्पाची आहे, कायद्याची आहे. मेंढपाळाचं नाव ताईंनी एका ओळीत घेतलं आणि पुढं कोणीच घेतलं नाही. साहजिकच आहे. आमचं तुमच्या गावात मत नाही. कायद्याप्रमाणंही गुरचरणाचा हक्क त्या त्या गावच्या जनावरांपुरता, बाहेरच्या कळपाला कलेक्टर विचारत नाही. पण रब्बीच्या आधी रानात मेंढ्या बसवायला हेच बागायतदार आमच्या वडिलांच्या मागं लागतात. लेंडी पाहिजे, कळप नको.

मागणी जमिनीची नाही. वाट पाहिजे. प्रकल्पाचं कुंपण मधल्या पट्ट्यावर पडलं तर रस्त्यापासून तलावापर्यंत कळप जाणार कसा? चारशे मेंढरं डांबरी रस्त्यावरून फिरवून नेली की एखाद्या डंपरखाली दहा-वीस जातात आणि वर आम्हीच शिव्या खातो. नकाशावर चराईची जागा दाखवतात, पाण्याची वाट कोणीच दाखवत नाही. तुमच्या गावच्या शेळ्यांनाही तीच वाट लागणार आहे, त्या बायकांना विचारा.

---

माळावरची

सगळ्यांचे आभार. बराच वेळ उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलेली कामं करत होते.

१-ई ची नक्कल मिळाली. त्यात अकरापैकी नऊ कुटुंबांची नावं आहेत, क्षेत्रासकट. दोन नाहीत: एक पारधी कुटुंब आणि एक विधवा बाई, जिच्या सासऱ्याचं नाव असायला हवं होतं. पश्चिमेच्या बागांचं एकही नाव नाही. एकही! मंडळ अधिकारी काका, हे कसं होतं ते तुम्हीच सांगा, कारण मी दिरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वहीत नाही म्हणजे अतिक्रमण नाही."

पावत्या सापडल्या. एका आजींनी लुगड्याच्या घडीतून काढून दिल्या, १९८४ पासूनच्या. पाच घरांकडे काहीच नाही.

महिला ग्रामसभा आधी घेतली. नेहमी ती कागदावरच होते, हजेरीच्या वहीवर अंगठे फिरवून आणायचे. या वेळी खरोखर बसलो, मारुतीच्या पारावर. सौर प्रकल्पाला कुणाचाच विरोध नव्हता, हे मला वाटलं नव्हतं. कसणाऱ्या घरांतल्या बायकाही म्हणाल्या की येऊ द्या, पण मुरमाकडं येऊ द्या. शेळ्यावाल्या म्हणाल्या की मुरमाकडं आला तर गवत जातं, ते कुसळीचं गवत तुम्हाला कुसळ दिसतं, कोवळं असताना आमच्या शेळ्या त्यावरच जगतात. म्हणजे तिथंही वाद आहेच. पाण्याच्या वाटेवर मात्र सगळ्या एका सुरात बोलल्या.

प्रकल्पाची माणसं येऊन गेली. मुरमाड उताराचं विचारलं तर म्हणाले, खर्च वाढतो, सपाट बरं.

घरात सध्या माझ्याशी कमी बोललं जातंय. ते बघून घेईन.

---

पलीकडच्या_तालुक्यातला

ताई, आमच्याकडे असाच प्रकल्प झालाय म्हणून अनुभवाचं सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही.

"सपाटच पाहिजे" ही बोलणीची सुरुवात असते. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागते आणि उतारावरही पॅनेल बसतात. आमच्या गावानं माळाचा अर्धाच भाग देऊ म्हटल्यावर त्यांनी पुन्हा आराखडा केला आणि बाकीचं क्षेत्र खाजगी शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतलं. योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. तुमच्या गावात उपकेंद्राजवळ कुणाची पडीक जमीन आहे का, ज्याला ते भाडं परवडेल? असेल तर गायरानच पाहिजे हा आग्रह तेवढा टिकत नाही. सरकारी जमीन नाममात्र भाड्यात मिळते म्हणून सगळ्यांचा डोळा आधी गायरानावर जातो, दुसरं काही कारण नाही.

कुंपण कुठं घालणार ते ठरावात नकाशासह लिहून घ्या. तोंडी काही ठेवू नका. आमच्याकडे तोंडी ठरलेली गाडीवाट कुंपणाच्या आत गेली आणि ती बाहेर काढायला दोन सरपंच लागले. पावसाचं पाणी पॅनेलखालून कुठं उतरतं तेही बघा. आमच्या तलावात पहिल्या पावसाळ्यात गाळच गाळ आला होता, मग नाल्या काढल्या.

वीज दिवसा आली का? आली. ते खोटं बोलणार नाही. म्हातारी माणसं खूश आहेत.

---

नियम_म्हणजे_नियम

एक मान्य. १-ई मध्ये बागायतदारांची नावं नसणं हा सरळ सरळ भेदभाव आहे. पण उपाय तोच, त्यांचीही नावं घाला आणि सगळे काढा. अपवाद करायला लागलं की गायरान उरत नाही. आज वीस एकर, उद्या चाळीस. हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली तेव्हा कुणाची जात विचारली नव्हती.

---

पावती_जपून_ठेवा

हिवरे बाजारचं उदाहरण जपून द्या. तिथं चराईबंदी झाली, पण विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा होती, बोअरवेलच्या पाण्यावर शेतीला बंदी होती, उसालाही बंदी. बंदीचा भार बागायतदारानंही उचलला. तुमच्या हिशेबात ऊसवाल्याला फक्त चोरलेला बांध परत करायचाय आणि भूमिहीनाला अख्खं पोट.

---

जुना_मंडळअधिकारी

१-ई मध्ये बागायतदारांची नावं का नाहीत, असं ताईंनी विचारलंय. तलाठी गावात येतो तेव्हा चहा कुणाकडे घेतो? आणखी एक कारण आहे, ते जास्त खरं. माळ फोडून पीक घेतलेलं डोळ्यांना दिसतं. बांध चार हात सरकलेला मोजल्याशिवाय दिसत नाही, आणि गायरानाची मोजणी कुणी मागत नाही. माझ्या हाताखालच्या गावांत मी गायरानाची मोजणी मागणारी ग्रामपंचायत क्वचितच पाहिली. तेव्हा दीर म्हणतात त्याला उत्तर एकच, मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा.

पण ताई, त्याआधी तुमच्या स्वतःच्या घराचं बघा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-३) खाली शासकीय जमिनीवर अतिक्रमण असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ आणखी ताणला: अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असेल आणि सदस्य त्याचा उपभोग घेत असेल तरी अपात्र. दिरांचं खातं वेगळं आहे का? वाटणीचा फेरफार झालाय का, की अजून सामाईक आहे? सामाईक असेल तर तुम्ही मोजणी मागितल्याच्या आठवड्यात कुणीतरी कलेक्टरकडे तुमच्याविरुद्ध अर्ज टाकेल. तुम्हाला घाबरवत नाही. फेरफाराची नक्कल आधी हातात ठेवा एवढंच.

ठरावाचा मसुदा मी असा करीन, भाषा तुमच्या अधिकाऱ्यांकडून नीट करून घ्या:

"दिवसा वीज मिळावी यासाठी सौर प्रकल्पास ग्रामसभेचे तत्त्वतः समर्थन आहे. गट क्रमांक अमुक मधील गायरानाची हद्द कायम मोजणी होऊन प्रत्यक्ष शिल्लक क्षेत्र निश्चित झाल्यानंतर प्रकल्पाची जागा ठरवावी. पश्चिम हद्दीवरील मोजणीत निघणारे क्षेत्र प्रथम विचारात घ्यावे. सोबतच्या यादीतील कुटुंबांचे दि. २८/११/१९९१ च्या शासन निर्णयानुसारचे दावे प्रलंबित असल्याने त्यांच्या ताब्यातील क्षेत्र प्रस्तावातून वगळावे. रस्त्यापासून पाझर तलावापर्यंत जनावरांची वाट नकाशात दाखवून खुली ठेवावी. लगतच्या इच्छुक खातेदारांच्या खाजगी जमिनींचा पर्याय तपासावा."

"दावे प्रलंबित" लिहायचं तर दावे खरोखर दाखल झालेले पाहिजेत. सभेच्या आधी अकराही अर्ज तहसीलला द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. कागद नसलेल्या पाच घरांचेही द्या, पुरावा नंतर जोडता येतो.

आणि गणपूर्तीवर लक्ष ठेवा. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. एका ओळीचे ठराव बहुतेक तहकूब सभेतच पास होतात. दवंडी झाली का, कधी झाली, कोणत्या गल्लीत झाली ते तुम्ही स्वतः बघा. शेवटची ओळ इतिवृत्तात लिहून वाचून दाखवल्याशिवाय उठू नका, खाली मोकळी जागा सोडू देऊ नका.

---

वाडा_हलला

काका, वाटेची रुंदी लिहा. नुसती "वाट" लिहिली तर माणूस जाईल एवढी ठेवतील. दोन कळप समोरासमोर आले तर निघाले पाहिजेत.

---

माळावरची

रुंदी घातली, सहा मीटर. वाटणीचा फेरफार पाहिला, खातं वेगळं आहे, २००९ चा आहे. अकरा अर्जांपैकी आठ दाखल झाले, पोच घेतली. पारधी कुटुंबाचे कारभारी ऊसतोडीला गेलेत, त्यांच्या बायकोच्या नावानं अर्ज केला तर चालतो का, की दोघांच्या सह्या लागतात? उरलेल्या दोघांचे आधार कार्डावरचे पत्ते दुसऱ्या गावचे निघालेत.

ग्रामसभा पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला ठेवलीय. दहाला सगळ्या कसणाऱ्या बायका कापूस वेचायला जातात. वेळ बदलून मागायची तर कुणाकडे मागायची?

---

जुना_मंडळअधिकारी

अर्ज बायकोच्या नावानं द्या, नवऱ्याचं नाव मजकुरात घाला. तो परत आला की जबाब होतो तेव्हा सही घेतील. आधारचा पत्ता अडवणार नाही, मतदार यादीत नाव आहे का ते बघा.

वेळेचं लेखी पत्र सरपंचांना द्या, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. वीस बायकांच्या सह्या घ्या, आणि पत्र उद्याच द्या, बुधवारी नको.